लाल मातीतला फेब्रुवारी

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये फेब्रुवारी लागला की बर्फाचा रंग उतरतो. डिसेंबरमधलं त्याचं कौतुक संपलेलं असतं, जानेवारीतली धास्ती अंगवळणी पडलेली असते, आणि मग उरतात ते रस्त्याच्या कडेला लोटलेले, मीठ आणि धूर खाऊन काळे पडलेले ढिगारे. सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडताना मनगटात एक कळ येते, ती दुपारपर्यंत हटत नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या बघायच्या, संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायचा, मुलांच्या बुटांखाली साचलेलं पाणी पुसायचं. ह्यात दुःख असं काही नाही. फक्त एक दमणं असतं, आणि ते झोपेने जात नाही.

ह्याच दिवसांत मला दर वर्षी तो फेब्रुवारी आठवतो. चार वर्षांपूर्वीचा. मी दादाला आणायला गेले होते तो.

आई आता नाही, म्हणून हे लिहिता येतंय. तेव्हा ती अकोल्याला माझ्या मधल्या भावाकडे, विनायककडे राहत होती. तिची पत्रं विनायकच्या अक्षरात यायची आणि दर पत्रात शेवटी एकच वाक्य असायचं: शैला तिकडेच आहे ना, मग तिने दादाला घेऊन यावं. अकोल्याहून बघितलं की अमेरिका हे एकच घर दिसतं. मी पुढच्या खोलीत, दादा मागच्या. मधे निम्मा देश आणि निम्मा पॅसिफिक आहे हे आईला कोण सांगणार.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातून पहिला येऊन तो शिष्यवृत्तीवर होनोलुलूला गेला, मातीत डॉक्टरेट केली, आणि मोलोकाई नावाच्या एका छोट्या बेटावर अननसाच्या कंपनीत लागला. अननसांच्या ओळींमध्ये गमबूट घालून उभा असलेला त्याचा एक फोटो आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या खिशात कायम असायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो दाखवत, आणि समोरच्याने अननस आधी पाहिलाय की नाही हेही विचारत. अप्पा गेले तेव्हा दादा आला. त्या गोष्टीला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. त्यानंतर पत्रं आखडत गेली, शेवटी फक्त नव्या वर्षाचं कार्ड उरलं. अप्पा गेल्यावर तीन वर्षांनी कंपनीने त्या बेटावरून गाशा गुंडाळला हे आम्हाला कळलं होतं. दादाने मात्र तो गुंडाळला नव्हता. का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

"तू जाऊन ये," माझा नवरा श्रीकांत म्हणाला. "मुलांचं मी मॅनेज करतो. दोनदा कॅन्सल केलंस, आता नको करूस."

माझी मुलगी मीनल तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने जेवताना विचारलं, "इज मामा लाइक अ हर्मिट?" मामा बैरागी आहे का, ह्याला हो म्हणावं की नाही, मला ठरवता आलं नाही.

होनोलुलूहून नऊ माणसांचं विमान होतं. ते समुद्रावरून इतकं खालून गेलं की लाटांच्या कडा मोजता आल्या असत्या. उतरले तर अंगावर शिकागोचा जाड कोट, आणि समोर ऊन, वारा आणि लाल माती. दादा एका जुन्या पिकअपला टेकून उभा होता. केस पांढरे, पायात रबरी चपला. मला बघून तो हसला नाही, पण पुढे येऊन त्याने माझ्या हातातली बॅग घेतली.

"किती वाळलीस," तो म्हणाला.

"तू बघ स्वतःकडे," मी म्हटलं. एवढंच बोलणं झालं. अकरा वर्षांनी भेटलेली भावंडं काय बोलतात, मला अजून माहीत नाही.

रस्ता चढत जात होता. दोन्ही बाजूंना वेड्या बाभळीसारखी झाडं. मी विचारलं, तर दादा म्हणाला, तिचीच बहीण आहे. विजेच्या तारेवर साळुंक्या बसल्या होत्या. "ह्याही आपल्याकडच्याच," तो म्हणाला, "कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी किडे खायला म्हणून आणल्या."

त्या वस्तीला नाव होतं, पण तिथले लोक तिला नुसतं कॅम्प म्हणत. चार रस्ते, खांबांवर उचललेली लाकडी घरं, पत्र्याची छपरं, सगळ्यांना एकच हिरवा रंग, आणि तोही पोपडे सुटलेला. दीडशे घरांपैकी तीसेक घरांत माणसं होती. उरलेल्यांच्या खिडक्यांवर फळ्या ठोकलेल्या. दर घरापुढे चाफा, त्या दिवसांत पानं नसलेला. दुकान बंद, सिनेमाचा हॉल बंद, पोस्ट सकाळी दोन तास उघडं. आणि सगळ्यावर लाल धूळ. चादरीवर, चहाच्या कपाच्या कडेवर, माझ्या पांढऱ्या मोज्यांवर. ती धुतली तरी गेली नाही. ते मोजे मी परत येताना तिथेच टाकले.

शांतता म्हणावी तर तीही पूर्ण नव्हती. वारा सतत वाहायचा आणि कुठला तरी सुटलेला पत्रा वाजायचा. म्हाताऱ्यांनी पाळलेले कोंबडे वेळी-अवेळी आरवायचे. पण ज्या आवाजांची मला सवय होती, फोन, टीव्ही, गॅरेजचं दार, मुलांची भांडणं, त्यातलं काहीही नव्हतं.

मी पहिले दोन दिवस झोपले. खरंच झोपले. दादाने मला मागची खोली दिली होती, तिच्या खिडकीतून पपईचं झाड दिसायचं. सकाळी उठून चहा प्यायचा, पाच मिनिटं खुर्चीत बसायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. जाग यायची तेव्हा टेबलावर ताटाखाली भात-आमटी झाकलेली असायची. तो एकदाही म्हणाला नाही की ऊठ. मला कुणी असं झोपू दिल्याला किती वर्षं झाली असतील, हा विचार मला त्या खोलीत आला आणि डोळे भरले. दादाला घेऊन जायला आलेली मी, आणि आधी त्यानेच मला अंथरूण घालून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी त्याचा दिवस पाहिला. सकाळी आणि संध्याकाळी तो टेकडीवर चढायचा. तिथे कॅम्पची पाण्याची टाकी होती. पंप सुरू करायचा, टाकी भरली की व्हॉल्व्ह फिरवायचा, खाली घराघरांत पाणी यायचं. मधल्या वेळात गळके पाइप बघायचे. म्हाताऱ्यांचे सरकारी फॉर्म भरून द्यायचे. रविवारी बंद हॉलच्या पायरीवर बसून त्यांचे केस कापायचे. मातीत डॉक्टरेट केलेला माझा भाऊ एका हाताने म्हाताऱ्याचा कान वाकवून दुसऱ्या हाताने कात्री चालवत होता, आणि म्हातारा डोळे मिटून बसला होता.

ते बहुतेक फिलिपिन्समधून अठरा-वीस वर्षांचे असताना आलेले मजूर. लग्नं झालीच नाहीत, परत जाणंही झालं नाही. दादाच्या शेजारी फ्लोरो राहायचा. चौऱ्याहत्तर वर्षांचा, बुटका, हाताच्या कातडीवर अननसाच्या पात्यांचे बारीक पांढरे वण. दादाला तो 'डॉक' म्हणायचा. त्याचं इंग्रजी बेटावरचं, तुकड्या-तुकड्यांचं, माझं अकोल्याचं. तरी आमचं जमलं.

पाचव्या दिवशी मी विषय काढला. आम्ही जुन्या शेतात चाललो होतो. मैलच्या मैल पडीक जमीन, आणि मातीतून वर आलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या चिंध्या. अननसाच्या ओळींखाली तण येऊ नये म्हणून ते अंथरत असत. पीक गेलं, प्लॅस्टिक राहिलं. वाऱ्यात ते फडफडत होतं.

"दादा, मला नऊ दिवसांची रजा आहे," मी म्हटलं. "आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली. दर पत्रात तुझं नाव असतं. इथे असं काय आहे?"

तो थांबला. चपलेने एक चिंधी दाबून धरली.

"हे पीक मी थांबवलं," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. कंपनीने त्याला विचारलं होतं, बेटाच्या ह्या बाजूला पुढची वीस वर्षं अननस निघेल का. त्याने दोन वर्षं माती तपासली, पाणी मोजलं, वारा मोजला.

"जमीन दमली होती गं. दर वर्षी खत जास्त, औषध जास्त, आणि फळ लहान. मी तसं लिहिलं. शेवटी एक वाक्य लिहिलं, की इथे पुढची लागवड करू नये. मला वाटलं होतं, निम्मी जमीन विसाव्याला सोडतील, वाण बदलतील. त्यांनी फक्त ते शेवटचं वाक्य वाचलं."

"खोटं होतं का ते?"

"नाही. आजही तेच लिहीन."

"मग?"

"मग काही नाही. तरुण होते ते होनोलुलूच्या हॉटेलांत कामाला गेले. म्हातारे जाणार कुठे? कंपनी म्हणाली, जगाल तोवर राहा, पण पाण्याचं वगैरे तुमचं तुम्ही बघा. मी म्हटलं, पाणी मी बघतो. मला दुसरीकडे बदली मिळत होती. नाही घेतली."

"त्यांना माहीत आहे? ते वाक्य तू लिहिलंस हे?"

त्याने मान हलवली. नाही.

मला राग आला. इतक्या दिवसांच्या थकव्यातून राग वर यायलाही वेळ लागतो, पण तो आला. "म्हणजे तू आठ वर्षं शिक्षा भोगतोयस," मी म्हटलं. "आणि तुझ्याबरोबर आई भोगतेय. तिने तर काही लिहिलं नव्हतं."

"तिला काय सांगू मी?" तो म्हणाला. "अप्पा तो फोटो दाखवत फिरायचे. आता तिथे जाऊन काय सांगू, काय करतो मी?"

त्याने चिंधीवरचा पाय उचलला आणि आम्ही परत फिरलो.

दुसऱ्या दिवशी दादा टाकीवर गेला असताना फ्लोरोने मला हाक मारली. तो ओट्यावर बसून एका फांदीची पानं खुडत होता. बघते तर मुनगा. शेवग्याला आमच्या विदर्भात मुनगा म्हणतात, आणि त्याच्या भाषेतलं नावही थोडंसं तसंच लागत होतं. मी बसले आणि पानं खुडायला लागले. बराच वेळ आम्ही तेच केलं.

"तू डॉकला न्यायला आलीस," तो म्हणाला.

"हो."

"आई म्हातारी?"

"हो."

त्याने एक फांदी संपवली, दुसरी घेतली. "ते कागद त्याने लिहिले. आम्हाला ठाऊक आहे."

माझे हात थांबले.

"ऑफिसात टाइप करणारी पोरगी आमचीच होती. टाइप केलं त्याच दिवशी घरी सांगितलं. कंपनी बोलली नंतर. कॅम्पला आधी ठाऊक."

"मग तुम्ही त्याला काही म्हणाला नाहीत?"

"एक वर्ष कुणी त्याच्याशी बोललं नाही. त्याला वाटलं, ही माणसं दुःखात आहेत." फ्लोरो किंचित हसला. "मग बघितलं, सगळे साहेब गेले, हा जात नाही. रोज टाकीवर. पाऊस असो, ताप असो. राग किती दिवस धरणार?"

"तेव्हाच सांगितलं असतं तर तो मोकळा झाला असता."

"हो. मोकळा झाला असता, मग गेला असता." त्याने पानं पातेल्यात टाकली आणि हात पुसले. "आम्ही म्हातारे. आम्हाला तो हवा होता. ही आमची चूक. आता तू ठरव. तू बहीण."

ते दोन दिवस मला आठवतात ते दिवस म्हणून नाही, छातीवरचं ओझं म्हणून. मी पपईच्या झाडाकडे बघत बसायचे. माझं सगळं आयुष्य निरोप पोचवण्यात गेलं असं मला वाटायला लागलं. आईचा निरोप दादाला, श्रीकांतचा त्याच्या आईला, मुलांचा शाळेला, लॅबचा डॉक्टरला. आता हा एक. पोस्टातल्या फोनवरून श्रीकांतला फोन केला तर तो म्हणाला, "सांगून टाक यार, आईचा विचार कर." तो बरोबरच बोलत होता. पण त्याने त्या म्हाताऱ्यांना डोळे मिटून केस कापून घेताना पाहिलं नव्हतं. सांगितलं तर तीस घरांतली माणसं एकटी पडणार. नाही सांगितलं, तर माझा भाऊ एका वाक्याखाली जन्मभर दबून राहणार, आणि आई दाराकडे बघत राहणार. ह्यातलं कुठलंही मला नको होतं. मला पुन्हा त्या मागच्या खोलीत जाऊन झोपायचं होतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्याबरोबर टाकीवर गेले. खाली कॅम्पची छपरं, पलीकडे समुद्र. तो दोन्ही हातांनी व्हॉल्व्हचं चाक फिरवत होता, तेव्हाच मी सांगितलं. आधी सांगायचं असतं किंवा नंतर, पण मला धीर तेव्हाच झाला.

त्याने चाक पूर्ण फिरवलं. पाइपात पाणी धावल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "कोण म्हणालं?"

"फ्लोरो."

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

तो पंपघराच्या पायरीवर बसला. "मला वाटत होतं, मीच त्यांना सांभाळतोय, आणि..." एवढं म्हणून त्याने वाक्य सोडून दिलं.

मी समजत होते, त्याला हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. त्या पायरीवर तो एकदम म्हातारा दिसला. आठ वर्षं ज्याच्या आधाराने उभा होता, ते मी त्याच्या हातून काढून घेतलं होतं. उतरताना मी दोनदा त्याचा हात धरला, वाट खडबडीत आहे असं दाखवून. त्याने धरू दिला.

सकाळी उठले तर तो घरात नव्हता. फ्लोरोच्या ओट्यावर दोघं बसले होते, एकमेकांकडे न बघता, समोरच्या रस्त्याकडे बघत. काय बोलणं झालं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. विमानतळावर जाताना दादा स्वतःच म्हणाला, "मेमध्ये जातो अकोल्याला. दोन महिने. फ्लोरोला टाकीचं शिकवायला गेलो होतो. त्याला सगळं येतं. मी नसताना कधी लागलं तर म्हणून त्याने केव्हाच शिकून ठेवलंय." आणि मग, गाडी चालवता चालवता, तो हसायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत. मलाही हसू आलं, आणि का आलं ते आम्हा दोघांनाही नीट कळलं नाही.

तो खरंच गेला. मे आणि जून तो अकोल्याला होता. परतताना जुलैत दोन दिवस आमच्याकडे शॉमबर्गला राहिला. दुसऱ्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून त्याने मला अकोल्याचं सांगितलं. मीनल तिथेच शब्दकोड्यासारखं काहीतरी घेऊन बसली होती, म्हणजे ऐकत होती.

"पहिले पंधरा-वीस दिवस आईने काही विचारलंच नाही," तो म्हणाला. "नुसती बघायची. मी रोज तयारी करायचो, आज विचारेल, आज विचारेल. मग एक दिवस नळ आला नाही. चौथा दिवस होता. घरातली सगळी भांडी रिकामी, विनायक बादल्या घेऊन हिंडतोय, आणि आई ओसरीवर बसलेली. तिने विचारलं, काय करतोस रे तू तिथे?"

"मग?"

"माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, गावाला पाणी सोडतो."

दादाने कपातला चहा संपवला.

"ती म्हणाली, रोज? मी म्हटलं, रोज, दोनदा. म्हणाली, खंड नाही पडत? म्हटलं, आठ वर्षांत नाही पडला. तिने विनायकच्या बायकोला हाक मारून आतून बोलावलं. म्हणाली, ऐकलंस, हा रोज पाणी सोडतो म्हणे. मला डॉक्टरेट मिळाली तेव्हा तिने असं कुणाला बोलावून सांगितलं नव्हतं."

मीनलची पेन्सिल थांबली होती.

"मग जरा वेळाने म्हणाली, तू तर इथे बसलायस, तिथे आता कोण सोडतंय? सांगितलं, फ्लोरो म्हणून एक आहे. किती वयाचा? म्हटलं, तुझ्याहून चार वर्षांनी लहान. टाकी कुठे आहे? म्हटलं, टेकडीवर."

"मग?"

"मग मला म्हणाली, त्या म्हाताऱ्याला अजून किती दिवस चढायला लावणार आहेस?"

दादा उठला, कप विसळून त्याने पालथा घातला. त्याची फ्लाइट सकाळची होती. त्याला ओहेअर विमानतळावर सोडून मला तसंच पुढे लॅबला जायचं होतं, म्हणून आम्ही लवकर झोपलो.